पहिल्या मजल्यावरचा नायक

भाऊ चिंदरकर आमच्या घरी आले आणि चहा नको म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाटकाचा निर्माता चहा नको म्हणतो तो दोनच प्रसंगी. एक तर नाटक बंद करायचं असतं, नाहीतर नटी बदलायची असते.

"बसा ना भाऊ. गवती चहा घातलाय," मी म्हटलं.

"नको नको. आत्ताच झाला."

माझा नवरा जयवंत खिडकीशी उभा होता आणि समोरच्या इमारतीकडे असा टक लावून बघत होता, जणू ती आज सकाळीच बांधून झाली होती.

"'चंद्र पहिल्या मजल्यावर' पुन्हा काढतोय," भाऊ म्हणाले.

"अरे वा!"

मी खरंच खूश झाले. ते आमचं नाटक होतं. त्यातला नायक अविनाश म्हणजे जयवंत आणि नायिका नंदिनी म्हणजे मी. नंदिनीचे वडील तिला पहिल्या मजल्यावर कोंडून ठेवतात आणि अविनाश दुसऱ्या अंकात पाण्याच्या पाइपावरून चढून तिच्या बाल्कनीत येतो, असा प्रवेश होता. चढून आला की मी हात द्यायची आणि तो कठड्यावरून आत उडी मारायचा. एका प्रयोगाला पडदा पडला तरी त्यानं हात सोडला नाही, आणि पुढच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं. ठाण्यातल्या आमच्या या घरात अजूनही त्या नाटकाचा फोटो होता. त्यात जयवंत कठड्यावर होता आणि मी त्याच्याकडे अशी बघत होते, की पुढे संसारात तसं बघायला मला कधी सवड झाली नाही.

"जयवंत अविनाशच करतोय," भाऊ म्हणाले.

"छान."

"नंदिनीला मात्र नवीन मुलगी घेतोय. शर्वरी गद्रे. एकांकिकांमधून आलीय, चुणचुणीत आहे."

भाऊंनी रुमाल काढून मान पुसली.

"तुमच्यासाठी कुंदाताई, अगदी मानाची भूमिका आहे. मुद्दाम वाढवून घेतलीय."

"कुठली?"

भाऊंनी जयवंतकडे बघितलं. जयवंतनं समोरच्या इमारतीकडे.

"अविनाशची आई," भाऊ म्हणाले. "आणि आता घोटभर चहा चालेल मला."

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. माझ्या होऊ घातलेल्या चिरंजीवांनी नुकतीच एकोणपन्नाशी गाठली होती.

भाऊ गेल्यावर मी कपबशा उचलल्या. जयवंत माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे कुठपर्यंत? नंदिनी नाही इथपर्यंत, की आईपर्यंत?"

"आईपर्यंत," तो पुटपुटला.

"म्हणून मागच्या आठवड्यात साडी आणलीस होय!"

"छे! ती सहज आणली."

"राखाडी, बारीक काठाची. आईनं नेसावी अशीच आहे."

संध्याकाळी आमची मुलगी मीनल कॉलेजातून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, डब्यातला लाडू तोंडात टाकला आणि म्हणाली, "म्हणजे बाबा आता माझे भाऊ झाले." मग वडिलांच्या पाठीवर थाप मारून आत गेली. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

मी नकारच देणार होते. पण जयवंतनं जेवताना घोळ घातला. मऊ आवाजात म्हणाला, "नकोच करूस तू हे काम. तुला वाईट वाटेल."

"मला का वाईट वाटेल?"

"नाही, म्हणजे, तू नंदिनी केलेली आहेस. आता चहाचा ट्रे घेऊन यायचं..."

"तू या वयात पाइपावर चढतोस, तर मी ट्रे घेऊन जमिनीवरून चालू शकत नाही?"

हे असं झालं. रागाच्या भरात माणसं घर सोडून जातात, मी रागाच्या भरात भूमिका घेतली.

तालमी सुरू झाल्या. शर्वरी खरंच गुणी मुलगी होती. वाईट एवढंच, की संस्कारही चांगले होते. ती मला ताई म्हणायची आणि जयवंतला काका.

"त्याला काका म्हणू नकोस!" भाऊ ओरडले. "तुझा प्रियकर आहे तो!"

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस. नुसतं बघ त्याच्याकडे."

बिचारी बघायची. पण प्रेमाचं वाक्य आलं, की जिभेवर ताबा राहायचा नाही. "अविनाश, मी तुमच्याशिवाय जगू शकत नाही, काका," असं ती एकदा इतक्या कळवळून म्हणाली की पेटीवाल्यानं भाता सोडून तोंडावर हात धरला. जयवंत मोठ्या मनानं हसला. पण दुपारच्या चहाला तो माझ्या शेजारी बसला नाही. पलीकडे उभा राहून शर्वरीच्या वयाच्या पोरांशी क्रिकेटवर बोलत राहिला. क्रिकेटमधलं त्याला काडीइतकं कळत नसे.

मेहनत मात्र जीव तोडून घेत होता. सकाळी गच्चीत दोरीवरच्या उड्या, पोटाला पट्टा, टकलावर केसांचा टोप, रात्रीचा भात बंद. पाइपाच्या मागे नेपथ्यवाल्यानं पायऱ्यांसारख्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे चढणं तसं अवघड नव्हतं. पण वर पोचेपर्यंत त्याला धाप लागायची. "नंदिनी, तुझ्यासाठी मी आभाळातही चढेन," हे वाक्य तो पूर्वी एका दमात टाकायचा. आता 'नंदिनी' एका श्वासात, 'तुझ्यासाठी मी' दुसऱ्या श्वासात आणि आभाळ कधी यायचं, कधी राहून जायचं. भाऊंनी मग तिथे सतारीचा तुकडा घातला. प्रेक्षकांना तो प्रेमातला कंप वाटावा अशी योजना होती.

घरी आलो की मी त्याच्या उजव्या गुडघ्याला तेल चोळायची. गुडघा सुजायला लागला होता.

"दुखतंय?"

"छे. आखडलाय जरा."

"भाऊंना सांग ना, अविनाशला जिन्यानं येऊ दे म्हणून."

"जिन्यानं?" तो उठून बसला. "अगं, दाराला कुलूप आहे म्हणून तर तो पाइपानं येतो! जिन्यानं यायचं असेल तर नाटक कशाला लिहायचं? सरळ पत्रिका छापायची."

त्याचं चुकत नव्हतं. मी चोळत राहिले. आपण आपल्या मुलाचे पाय चोळतोय की नवऱ्याचे, असा विचार मनात आला आणि मी जरा जोरात चोळलं. तो ओरडला.

पहिला प्रयोग सांगलीला रविवारी दुपारी होता. सांगलीचा प्रेक्षक नाटकातला जुना जाणता. आम्हा दोघांना नवरा-बायको म्हणून ओळखणारा. पहिल्या अंकात मी राखाडी साडी नेसून, केसांना पांढरी पावडर लावून आत आले आणि "अवी बाळा, दूध पिऊन घे," म्हणाले, तेव्हा सगळीकडून कुजबुज उठली. मागून कुणीतरी खाकरलं. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि दबलेलं हसू ऐकू आलं. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. जयवंतनं दूध एका घोटात संपवलं आणि घाईघाईनं मिशी पुसली. ती खोटी होती, थोडी सरकली.

दुसरा अंक आला. मी विंगेत ट्रे घेऊन उभी होते. जयवंत चढला. सतार वाजली. आभाळही आलं. शर्वरीनं हात दिला, तो आत गेला, दोघांचा प्रवेश सुरेख झाला. आता नंदिनीच्या वडिलांची चाहूल लागते आणि अविनाश चपळाईनं खाली उतरून अंगणातल्या झाडामागे लपतो, असं होतं. मग मी शेजारच्या आमच्या घरातून ट्रे घेऊन येणार, मुलाला हाका मारणार आणि तो न सापडल्यामुळे परत जाणार. एवढंच माझं काम.

जयवंतनं कठड्यावरून डावा पाय पलीकडे टाकला. उजवा उचलला आणि तो तिथेच थांबला. गुडघा धरला होता. पुढेही जाईना, मागेही येईना. एक पाय बाल्कनीत, एक पाय सांगलीवर, अशा अवस्थेत आमचा नायक कठड्यावर बसून राहिला. विंगेतून प्रॉम्प्टर त्याला वाक्य देत होता. वाक्याची त्याला गरजच नव्हती.

"काका, उतरा ना," शर्वरी हळूच म्हणाली.

ती हळूच म्हणाली, पण तिच्या डोक्यावरच माइक टांगलेला होता. तिचं 'काका' शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं.

प्रेक्षक हसले. नाटकाला हसतात ते वेगळं. हे रस्त्यात घसरून पडलेल्या माणसाला हसतात तसलं हसू होतं. जयवंतचा चेहरा मला विंगेतून दिसत होता. पंचवीस वर्षं त्याला लोकांनी टाळ्या दिल्या होत्या, शिट्ट्या दिल्या होत्या, एका मुलीनं तर लग्नानंतरही स्वेटर पाठवला होता. त्याला कुणी हसलं नव्हतं. रंगाच्या थराखाली तो पांढरा पडला होता.

माझ्या एंट्रीला अजून वेळ होता. मी ट्रे प्रॉम्प्टरच्या मांडीवर ठेवला आणि आत गेले. अंगणाच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवले आणि वर बघितलं.

"अवी! तिथे काय करतोयस? किती वेळा सांगितलं, गुडघ्याला तेल लावल्याशिवाय चढायचं नाही म्हणून!"

जो हशा उसळला, तसा मी आयुष्यात ऐकला नव्हता. खुर्च्या वाजायला लागल्या. मी थांबलेच नाही.

"आणि तू गं? काका काय म्हणतेस? लग्न करणार आहेस ना त्याच्याशी? हात दे त्याला!"

शर्वरीनं हात दिला, नंदिनीचे वडील झालेले नट मागून धावत आले, जिच्यावर प्रेम करायचं ती आणि ज्यांच्यापासून लपायचं ते, अशा दोघांनी मिळून नायकाला बाल्कनीत ओढून घेतलं. टाळ्यांमध्ये अंक संपला.

मेकअपच्या खोलीत भाऊ अक्षरशः नाचत होते. "हेच ठेवायचं! शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. प्रत्येक प्रयोगाला हेच!" असं म्हणून ते गुडघ्याच्या डॉक्टरची चौकशी करायला गेले, म्हणजे निदान तसं म्हणाले.

जयवंत आरशासमोर बसून मिशी सोडवत होता.

"लागलं का?" मी विचारलं.

"कुठे?"

"गुडघ्याला विचारतेय."

"नाही." त्यानं मिशी डबीत ठेवली. आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "ते वाक्य वाचवायला म्हणालीस, की बोचायला?"

मी खोटं बोलले असते, पण तो मला फार वर्षं ओळखत होता.

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "वाटलंच."

परतीच्या प्रवासात तो बसमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मी खिडकीशी होते. आणि मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, माझ्या कानात तो हशाच घुमत होता. नंदिनी असताना लोक माझ्याकडे बघायचे. एकटक बघायचे. पण मी तोंड उघडावं आणि सगळं थिएटर हलावं, असं कधी झालं नव्हतं. मला ते वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, दर रविवारी. आणि मला हेही कळत होतं, की मी ते दर रविवारी म्हटलं तर जयवंत वाघळे पुन्हा नायक म्हणून उभा राहू शकणार नाही. न म्हटलं, तर मी ट्रे घेऊन आत-बाहेर करत राहणार. दोन्हींपैकी एक व्हायचं होतं आणि ते माझ्या तोंडात होतं.

तो आठवडा आम्ही घरात फार सभ्यपणे वागलो. "मीठ दे," म्हणायचं तिथे "मीठ मिळेल का?" चाललं होतं. मीनल म्हणाली, "तुम्ही दोघं पाहुण्यांसारखे का बोलताय?"

पुढचा प्रयोग साताऱ्याला. दुपारी थिएटरवर पोचल्याबरोबर भाऊंनी मला गाठलं.

"वाक्य आहे ना?"

"जयवंतला विचारते."

"त्याला काय विचारायचं? तो नाही म्हणणार नाही."

"म्हणूनच विचारायचं."

मी केसांना पावडर लावत होते तेव्हा तो आला. अविनाशच्या कपड्यांत होता, पट्टा बांधलेला. माझ्यामागे उभा राहिला. मी आरशात न बघताच म्हटलं, "आज मी ते वाक्य घेत नाहीये."

"तू फार लवकर म्हणालीस ते."

"काय?"

"सांगलीला. फार लवकर टाकलंस." तो स्टूल ओढून बसला. "लोकांना आधी कळू दे ना, हा अडकलाय म्हणून. आज मी पाय टाकतो. अडकतो. एकदा ओढून बघतो. मग आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. मग पुन्हा ओढतो. तोपर्यंत तू आत येऊन नुसती उभी राहा. मी खाली बघेन, तू दिसशील. तेव्हा बोल."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. तालमीत असायचा तसा गंभीर होता.

"जयवंत, लोक हसतील."

"हसायलाच पाहिजेत. नाहीतर मी कशाला अडकू?"

"पण तुला..."

"आठवडाभर मी गच्चीच्या कठड्यावर तंगडी टाकून बघतोय. मीनलनं पास केलंय. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई दोनदा विचारून गेल्या, काही मदत हवी का म्हणून." मग जरा थांबला. "सांगलीला मी वर बसलो होतो ना, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. मग तू बोललीस. आणि ते हसू बदललं. तेच लोक, तेच हसणं, पण बदललं. मी नट आहे गं. मला ते ऐकू आलं."

मी म्हटलं, "पट्टा फार आवळलायस. सैल कर."

"केला तर पोट दिसेल."

"दिसू दे."

त्यानं खरंच सैल केला.

साताऱ्याला तो पाइपावर चढला तेव्हा सतार वाजली नाही. त्यानंच नको म्हणून सांगितलं होतं. धाप सगळ्यांना ऐकू आली आणि लोक तिथूनच खुदखुदायला लागले. उतरायच्या वेळी त्यानं पाय टाकला, अडकला, ओढला, चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. मी आत येऊन उभी राहिले. त्यानं खाली बघितलं. मी दिसल्याबरोबर त्या एकोणपन्नास वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर असे काही भाव आले, की शाळेतून फाटकी चड्डी घेऊन घरी आलेला मुलगा समोर दिसावा. मला इतकं हसू आलं की वाक्यच विसरले. पदर तोंडाला लावून नुसती उभी. मी बोलत नाही हे बघून तो वरूनच केविलवाणा ओरडला, "आई, तेल!"

थिएटर कोसळलं. शर्वरी बाल्कनीत खाली बसून हसत होती, नंदिनीचे वडील झालेले नट विंगेत हसत होते. मी खालून जयवंतकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस रंगमंचावर डावी बाजू प्रेक्षकांकडे ठेवून उभा राहायचा, कारण कुणीतरी सांगितलं होतं की ती जास्त देखणी आहे. आज तो पोट, धाप, गुडघा, सगळं उघडं टाकून कठड्यावर बसला होता, आणि सगळा हशा माझ्याकडे सरकवत होता. पुढे बोल, असं त्यानं डोळ्यांनी खुणावलं. पुढच्या वाक्याची टाळी माझी होती. ती त्यानं माझ्यासाठी वर बसून तयार करून ठेवली होती. मी ते वाक्य म्हटलं. टाळी आली.

परतताना तो बसमध्ये माझ्या शेजारी बसला. "कसा झाला?" त्यानं विचारलं.

"तू वाईट नट आहेस असं मला आजवर वाटत होतं," मी म्हटलं.

"आणि आता?"

"तू वाईट नायक होतास."

तो इतका हसला की पुढच्या सीटवरच्या भाऊंची झोप मोडली.

त्या मोसमात नाटक धो धो चाललं. पुढच्या वर्षी भाऊंनी अविनाशला एक तरणाबांड मुलगा आणला. तो पाइपावर माकडासारखा चढायचा. शर्वरीनं त्याला कधी चुकूनसुद्धा काका म्हटलं नाही, आणि दोन वर्षांनी त्याच्याशीच लग्न केलं. भाऊंनी नाटकात अविनाशचे वडील नव्यानं लिहून घेतले. ते जयवंतनं केले. टोप काढला, पट्टा काढला, भात सुरू केला. आम्ही दोघं विनोदी जोडी म्हणून नावारूपाला आलो. अजूनही नाटकाच्या जाहिरातीत आमची नावं एकत्र येतात, आणि माझं आधी छापलं जातं. ते का, म्हणजे सांगलीला कुणी कुणाला वाचवलं, हे तो कुणालाही सांगतो. मला ते लाजिरवाणं वाटतं, पण मी त्याला थांबवत नाही.

मागच्या वर्षी डोंबिवलीला प्रयोगानंतर एक बाई आत भेटायला आल्या. माझ्याच वयाच्या असतील. माझं कौतुक करून झाल्यावर त्या जयवंतकडे वळल्या, त्याच्या टकलाकडे, पोटाकडे बघितलं आणि जरा संकोचून विचारलं, "फार पूर्वी या नाटकात तुमच्यासारखेच दिसणारे एक हिरो असायचे. फार देखणे हो. ते तुमचे कुणी?"

"धाकटा भाऊ," जयवंत ताडकन म्हणाला.

"अय्या, हो का! कुठे असतात हल्ली?"

जयवंतनं माझ्याकडे बोट केलं.

"घरीच असतो," तो म्हणाला. "हिला आवडतो, म्हणून ठेवलाय."